दुधी काचेआडचं पुणं

हॉलमधलं शोकेस रिकामं झालं तेव्हा पुतळाबाईंना पहिली काळजी पडली ती लोकांची. मुलगा वेगळा राहायला गेल्याचं दुःख होतंच, पण दुःखावर त्यांच्याकडे काही इलाज नव्हता. लोकांना मात्र काहीतरी सांगता येण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी आधी तिकडे लक्ष घातलं.

घडलं होतं ते तसं चारचौघांसारखंच. ज्ञानेशने नाशिकमध्येच गंगापूर रोडला, म्हणजे नदीच्या पलीकडे, फ्लॅट घेतला. नातवाची शाळा तिकडे, सुनेची नोकरी तिकडे. पंचवटीतून रोज सकाळी दोघांची उडणारी तारांबळ बघून पुतळाबाईच एकदा म्हणून गेल्या होत्या, "त्यापेक्षा तिकडंच राहा ना बाबा." त्यांनी आपलं म्हणायला म्हटलं आणि मुलाने ते मनावर घेतलं. भांडण नाही, आदळआपट नाही. "तूही चल ना आई," असंही ज्ञानेश म्हणाला होता. पण तो ज्या घाईने म्हणाला, त्यावरून पुतळाबाईंना नाही म्हणणं सोपं गेलं.

टेम्पो आला त्या सकाळी दिशा सासूच्या पाया पडली, "दर रविवारी येऊच की आम्ही," म्हणाली आणि शोकेसमधल्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायला बसली. लग्नात आलेला टी-सेट, चंदनाचा हत्ती, चिनीमातीच्या बाहुल्या, छोट्या राजने धावण्याच्या शर्यतीत मिळवलेले कप. सगळं त्यांचंच होतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. उलट पुतळाबाईंनी माळ्यावरची रद्दी काढून दिली, आणि कागद कमी पडला तेव्हा हत्तीच्या सोंडेला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात धोंडाबाई भेटल्या. धोंडाबाई समोरच्याच ब्लॉकमधल्या, मूळच्या दिंडोरीकडच्या. वयाने पुतळाबाईंहून थोड्या थोरल्या आणि आवाजाने बऱ्याच थोरल्या.

"काल ज्ञानेशचं सामान कुठं चाललं व्हतं गं?"

"पुण्याला," पुतळाबाई म्हणाल्या. "कंपनीने पाठवलंय. सहा महिन्यांचं काम आहे."

पुणं तोंडातून कसं बाहेर पडलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाच्या आईला लोक विचारतात, कधी येतोय. नदीपलीकडे राहायला गेलेल्या मुलाच्या आईला लोक काहीच विचारत नाहीत, नुसते बघतात. त्या बघण्याची त्यांना भीती वाटत होती. धोंडाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, "बरं झालं, पुनं चांगलं हाय," म्हणाल्या आणि पिशवी सावरत वर गेल्या.

आता अडचण होती ती शोकेसची. सहा महिन्यांसाठी पुण्याला जाणारा माणूस चंदनाचा हत्ती कशाला नेईल? आणि शोकेस तर दारातून आत पाऊल टाकलं की समोरच. भिमाजींनी, म्हणजे पुतळाबाईंच्या यजमानांनी, हयातीत हौसेने करून घेतलेली ती एकच वस्तू. सागवानी, दोन उंच काचेच्या दारांची. वस्तू उठून दिसाव्यात म्हणून मागच्या फळीला त्यांनी स्वतःच्या हाताने एक आडवी ट्यूबही बसवली होती. पाहुणे आले की बटण दाबून, आपण काहीच केलं नाही असा चेहरा करून ते बाजूला उभे राहत. ते गेले आणि ट्यूब लावायची रीतही त्यांच्याबरोबर गेली.

पुतळाबाईंनी आधी त्यात स्टीलचे डबे मांडून पाहिले, तर किराणा दुकान वाटायला लागलं. मग आतून पडदा लावला, तर दवाखाना. खरं म्हणजे दुसरं काही मांडायचं त्यांच्या मनातच नव्हतं. बाहुल्यांची जागा बाहुल्यांसाठी, कपांची कपांसाठी, असं त्यांनी कुठेतरी धरून ठेवलं होतं. जागा भरली असती तर ती माणसं गेली हे मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यामुळे शोकेस रिकामंच राहायला हवं होतं, फक्त ते कुणाला दिसायला नको होतं.

उपाय सापडला तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये. तिथे तळमजल्यावर कौसर नावाची मुलगी ग्लास पेंटिंगचे क्लास घेई. त्या दिवसांत घरोघरी काचेवरच्या मोरांची आणि राधाकृष्णांची साथच आली होती. ज्या बाईने आयुष्यात रांगोळीचा ठिपका सरळ काढला नव्हता, तीही रंगाच्या बाटल्या घेऊन बसे. कौसरच्या खिडकीत मात्र मोरांच्या गर्दीत एक वेगळाच तुकडा टांगलेला होता. धुक्यासारखी पांढरी काच आणि तिच्यावर बारीक नक्षी.

"हे काय आहे गं?"

"जुन्या काळची काच असते ना काकू, ॲसिडने कोरलेली? तिची नक्कल आहे. हे नुसतं रंगाचं काम. पण लांबून कुणाला कळत नाही."

पुतळाबाईंना ती जुन्या काळची काच चांगली ठाऊक होती. लहानपणी ताप आला की वडील त्यांना मळ्यातून रविवार कारंजाजवळच्या एका दवाखान्यात आणत. भाजीच्या पाट्या उतरवून झाल्या की आधी बाजार, मग डॉक्टर. त्या दवाखान्याच्या झुलत्या दारांना कोरलेली काच होती: एक कुंडी, कुंडीतून निघालेला द्राक्षाचा वेल, वर दोन चिमण्या. बाकावर बसून नंबर येईपर्यंत पुतळाबाई त्या वेलावरून बोट फिरवत बसत. कोरलेल्या जागी काच खरखरीत लागे, मांजराच्या जिभेसारखी. दाराच्या पलीकडे डॉक्टर असत, पण दिसत काहीच नसे. ही दिसत नसल्याची गोष्ट त्यांना आता इतक्या वर्षांनी उपयोगी पडत होती.

कौसर दारं बघायला घरी आली. तिने रीत समजावून सांगितली. काच स्पिरिटने पुसायची, स्टिकर पेपर चिकटवायचा, त्यावर नक्षी काढून कटरने कापायची, नक्षीपुरता कागद ठेवून बाकीचा सोलायचा आणि मोकळ्या काचेवर स्पंजने दुधी रंग टिपायचा. रंग जरा सुकला की उरलेला कागद काढायचा. मग पांढऱ्या काचेत वेल तेवढा पारदर्शक राहतो.

"पारदर्शक नको," पुतळाबाई म्हणाल्या. "वेलपण दुधीच हवा."

"मग तो दिसणार कसा?"

"सगळी काच आधी दुधी करू. वेलावर दुसरा हात देऊ, दाट."

कौसरने जरा विचार केला. "होईल तसं. पण काकू, मग आतलं काहीच दिसणार नाही. शोकेस आहे ना हे?"

"आत धूळ फार दिसते," पुतळाबाई म्हणाल्या.

कौसरने रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं, पुतळाबाईंकडे पाहिलं आणि स्पिरिटची बाटली उघडली. पोरगी शहाणी होती, तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दारं उतरवून सतरंजीवर आडवी ठेवली. कौसरने एका कोपऱ्यात करून दाखवलं आणि पुढचं पुतळाबाईंनी स्वतः केलं. स्पंज ओढायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा. ओढला की पट्टे येतात आणि शंभर वर्षांची काच एकदम कालची होते. पांढऱ्यात तपकिरी रंगाचा एक थेंब घालायचा, म्हणजे काच काळाने पिवळसर पडल्यासारखी दिसते. द्राक्षाचा घड कापताना पुतळाबाईंच्या हातून काही मणी वाकडे झाले. कौसर म्हणाली, राहू द्या, हाताने कोरलेल्या काचेत असंच असतं. तेवढे दिवस त्यांच्या घरात बोलणं होतं, चहाचे दोन कप होते. काम संपत आलं तशा पुतळाबाई मुद्दाम हळू टिपायला लागल्या.

दारं पुन्हा चढली तेव्हा त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. अगदी दवाखान्याचीच दारं. कुंडी, वेल, वरती चिमण्या. मग जवळ जाऊन त्यांनी वेलावरून बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं.

"हात लावला तर कळतं," कौसर म्हणाली.

"हात लावायला आहे कोण इथं," पुतळाबाई म्हणाल्या. त्या हसत म्हणाल्या, पण कौसरला हसता आलं नाही.

बिल्डिंगमधल्या बाया येऊन दारं बघून गेल्या. कुणी म्हणालं जुन्या बाजारातून आणली असतील, कुणी म्हणालं माहेरची असतील. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही. पुतळाबाईंचं पुणं आता चांगलं बंदोबस्तात होतं.

आणि ते पुणं वाढायला लागलं. धोंडाबाई रोज चौकशी करत. पुण्याला पाऊस हाय का, नातवाला शाळा मानवली का, सुनेला पानी बाधलं नाय ना. पुतळाबाई रात्रीच्या बातम्यांत पुण्याचं हवामान लक्ष देऊन बघायला लागल्या, न जाणो सकाळी जिन्यात परीक्षा व्हायची. सहा महिन्यांची मुदत त्यांनी परस्पर वाढवूनही टाकली. खरा ज्ञानेश रविवारी फोन करी. सुरुवातीचे काही रविवार तो आलाही. मग राजचे क्लास, मग पाहुणे, मग नुसताच फोन.

गणपतीत धोंडाबाई लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर उभी. "पुन्याला धाड. गोड केलंय, तिखट नाय."

नको कसं म्हणणार? घेतलं. पण धाडणार कुठे? नदीपलीकडे धाडावं तर ज्ञानेश धोंडाबाईंना फोन करून आभार मानणार, आणि बोलता बोलता सगळं बाहेर येणार. खावं तर ते पुण्याचं, मुलाच्या वाटणीचं. तो मोह पुतळाबाईंना झाला नाही असं नाही. पण ज्या दिवशी आपण ही बरणी उघडू त्या दिवशी पुणं संपलं, असं त्यांना वाटे. त्यांनी ती शोकेसमध्ये ठेवली, काचेला लागून. दुधी काचेआड काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

दिवाळीला ज्ञानेश आला, एकटाच, मिठाईचा बॉक्स घेऊन. शोकेसकडे बघून म्हणाला, "छान आहे गं आई. काच कुठून आणलीस?"

"मीच केली."

"अरे वा," तो म्हणाला आणि घड्याळात बघितलं. दारं उघडून आत काय ठेवलंय हे त्याने पाहिलं असतं, तर पुतळाबाईंनी त्याला सगळं सांगितलं असतं, पुण्यासकट. तो चहा संपवून उठला.

थंडी पडली तसा धोंडाबाईंनी कडीचा डबा आणला. मेथीचे लाडू. "मऊ बांधलेत, दाताखाली खडा यायचा नाय." तरण्याताठ्या सुनेला गुडघेदुखीचे लाडू आणि तेही मऊ, हे पुतळाबाईंना जरा नवल वाटलं. पण धोंडाबाईंचं सगळंच आपल्या मनाने चाले. डबाही काचेआड गेला. मग कुरडयांची पिशवी गेली. मग धोंडाबाईंनी स्वतः विणलेला, गडद तपकिरी, ऐसपैस स्वेटर गेला. दिशासारख्या दोन त्यात मावल्या असत्या. त्या दिवसांत पुतळाबाई एकटीपुरता चुलीला त्रास कशाला म्हणून सकाळीच खिचडी टाकत आणि तीच रात्री खात. ब्लाउज सैल व्हायला लागले होते. लाडवांचा वास मात्र शोकेसच्या फटीतून हॉलभर येई.

दर गुरुवारी बिल्डिंगमधलं भजनी मंडळ पाळीपाळीने एकेकीच्या घरी बसे. जानेवारीत पुतळाबाईंची पाळी आली. त्यांनी ज्ञानेशला फोन केला. "गुरुवारी संध्याकाळी भजन आहे. तासभर ये. दिशाला आण. आरतीपुरतं उभं राहिलात तरी चालेल."

"बघतो आई. जमवतो."

"जमव," त्या म्हणाल्या, आणि बायकांना सांगून टाकलं की ज्ञानेश पुण्याहून मुद्दाम येतोय.

ती दोन हजार पाच-सहाची सालं, लोडशेडिंगचे दिवस. गुरुवारी बाया जमल्या तेव्हा लाईट गेलेलेच होते. पुतळाबाईंनी मेणबत्त्या लावल्या आणि लाईट आले की पुन्हा उठायला नको म्हणून बोर्डावरची सगळी बटणं खाली दाबून ठेवली. लोडशेडिंगमध्ये सगळेच तसं करत. कुठलं बटण कशाचं हे त्या अंधारात कोण बघतंय, आणि शोकेसच्या ट्यूबचं बटण तर त्या केव्हाच विसरल्या होत्या.

भजन सुरू झालं. टाळ वाजत होते आणि पुतळाबाईंचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. जिन्यात पाऊल वाजलं की त्या मान वळवत आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जाई. एक अभंग झाला, दुसरा झाला. कुणीतरी हळूच विचारलं, "ज्ञानेशला उशीर झाला वाटतं?" पुतळाबाई म्हणाल्या, "पुण्याचा रस्ता. घाटात गाड्या अडकतात."

तेवढ्यात लाईट आले. पंखा फिरला, वरची ट्यूब लागली, आणि भिंतीकडेचं शोकेस आतून उजळलं.

क्षणभर ते फार सुंदर दिसलं. वेल, घड, चिमण्या, सगळं दुधातून वर आल्यासारखं. मग बायकांच्या ध्यानात आलं की काचेवर आणखीही काही आहे. ट्यूब मागे होती आणि वस्तू काचेला लागून, त्यामुळे एकेकीची सावली कापून चिकटवल्यासारखी स्पष्ट पडली होती. दोन कान वर केलेली बरणी. कडीचा डबा. कुरडयांची फुगीर पिशवी. शेजारी घडी केलेला, बाह्या लोंबणारा स्वेटर. बाकीच्या फळ्या मोकळ्या.

ती बरणी कुणाची हे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तसं फडकं एकच बाई बांधत होती.

टाळ थांबले. बटण बंद करायला पुतळाबाई अर्ध्या उठल्या. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. तिथे त्यांना राग दिसला नाही, हसू दिसलं नाही, आणि नवलही दिसलं नाही. म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. गंगापूर रोडच्या भाजीवाल्याकडे, शाळेच्या फाटकाशी कुणाला ना कुणाला ज्ञानेश भेटतच असणार. नाशिक ते केवढं. आणि तरी रोज जिन्यात पुण्याच्या पावसाची चौकशी होत होती.

धोंडाबाईंनी खाकरून घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात आरती सुरू केली. बाकीच्यांनी सुटका झाल्यासारखी ती उचलून धरली. प्रसाद झाला, चपला सापडल्या, "येतो हं" झालं. शोकेसकडे पुन्हा कुणी बघितलं नाही. धोंडाबाई तेवढ्या मागे थांबल्या.

त्यांनीच शोकेसचं दार उघडलं. डबा काढला, झाकण उघडलं. लाडवांवर हिरवट पांढरी बुरशी धरली होती. बरणीचं फडकं सुटलेलं नव्हतं. कुरडयांची पिशवी बांधली होती तशीच.

"एकबी नाय खाल्लास," धोंडाबाई म्हणाल्या.

"तुम्ही पुण्यासाठी दिलं होतंत."

"पुनं कुठं हाय? मला पह्यल्या दिसापासून ठावं हाय. टेम्पोवाल्यालाच इचारलं व्हतं मी." त्या डब्याकडे बघत बोलत होत्या. "तुझ्यासाठी म्हनून दिलं असतं तर घेतलं असतंस? म्हनली असतीस, मला काय कमी हाय. म्हनून पुन्याचं नाव घेतलं. वाटलं, धाडायला जागा नाय तर खाईल तरी. गोड लोनचं, मऊ लाडू. स्वेटर तुझ्या मापाचा. आनि तू खिचडी खात बसलीस व्हय गं?"

पुतळाबाई खाली बसल्या. इतके महिने लाज वाटेल म्हणून एकट्या राहिल्या, आणि त्यांची लाज राखायला दाराबाहेर सगळी बिल्डिंग उभी होती. आत यायला मात्र कुणाला वाट ठेवली नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. धोंडाबाई शेजारी बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने उठून त्यांनी स्वेटर झटकला आणि पुतळाबाईंच्या अंगात चढवला. तो बरोबर बसला. डबा काखेत मारून त्या दाराशी गेल्या.

"हे टाकून देते. उद्या ताजे करते," त्या म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "या टायमाला कोनाचं नाव सांगू?"

पुतळाबाईंनी पदराने डोळे पुसले. 'माझं सांगा' असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते बाहेर पडेना.

"पुण्याचंच सांगा," त्या म्हणाल्या. "मी खाईन."

"बरं," धोंडाबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

पुतळाबाईंनी ट्यूबचं बटण बंद केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सकाळची खिचडी गरम केली, बरणीच्या फडक्याची गाठ सोडली आणि ताटात लोणच्याच्या दोन फोडी वाढून घेतल्या.